ओलं बारदान

४ मार्च, सोमवार

आज पुन्हा पट्टे आले. काळ्या टी-शर्टवरचा मोर मानेपासून खाली गजांआड कोंडल्यासारखा दिसत होता. पैठणच्या प्रेरणाताईंना फोटो पाठवायची हिंमत झाली नाही. त्यांचं पैठणीचं दुकान आहे. पदरावरचे मोर टी-शर्टवर छापून पर्यटकांना विकायची त्यांना हौस, आणि एवढ्या मोठ्या शहरात त्यांनी शोधून काढली ती मी. नशीब त्यांचं.

रोज लिहीनच असं काही नाही. पण रईसा गेल्यापासून दिवसभर बोलायला माणूस नाही. आई आहे, पण आईशी काहीही बोला, गाडी माझ्या लग्नापाशी येऊन थांबते. म्हणून हे लिहिणं.

रईसा आणि मी शहागंजातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला होतो. तिथून बाहेर पडून दोघींनी मिळून हे मशीन घेतलं आणि चिकलठाण्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मांडलं. हे मशीन कपड्यावर छापत नाही. आधी पारदर्शक फिल्मवर छापतं, खाली रंग आणि त्यावर पांढरा. मग ओल्या शाईवर गोंदाची पावडर भुरभुरायची, तापवायची आणि फिल्म टी-शर्टवर दाबायची. काळ्या कपड्यावर रंग उठून दिसतो तो त्या पांढऱ्यामुळं. पांढरा चुकला की सगळं मुसळ केरात.

मशीन तिनं बघायचं, गिऱ्हाईक मी, अशी आमची वाटणी. मशीनला ती आपा म्हणायची, म्हणजे थोरली बहीण. आपा उठली का, आपा रुसली का, आपाला आज सर्दी आहे. जानेवारीत तिचा निकाह झाला आणि ती हैदराबादला गेली. जाताना म्हणाली, "इनकी बदली होणार आहे इकडं, शेंद्र्याच्या कंपनीत. उन्हाळा संपेपर्यंत येते बघ. तोपर्यंत आपाला मरू देऊ नको."

मी म्हणाले, तू ये तर खरी, आपाचं मी बघते. आता बघतेच आहे.

७ मार्च, गुरुवार

फोन केला तिला. आधी टेस्टचा फोटो पाठवला. टेस्ट म्हणजे मशीन फिल्मच्या तुकड्यावर बारीक बारीक रेघा मारतं, शाईच्या प्रत्येक भोकाची एक रेघ. जी रेघ आली नाही ते भोक बुजलेलं. पूर्वी रईसा सकाळी पहिली टेस्ट काढून उजेडात धरायची आणि म्हणायची, "पुरी बत्तिशी आहे." आज आपाचे पुढचे चार दात गायब होते.

"पांढरी हलवलीस का?" तिनं विचारलं.

"हलवली."

"कशी? टाकी हातात घेऊन, हळूहळू. जोरात नक्को हलवू, बुडबुडे होतात. चुन्यासारखी तळाला बसते ती."

तसं केलं. दोन रेघा परत आल्या. तेवढ्यावर मी इतकी खूश झाले की तिला लगेच पुन्हा फोन केला, पण तिनं उचलला नाही. नवीन संसार आहे, कामं असतात.

ती गेल्यापासून एक मात्र बरं झालं. पाणी पुरायला लागलं. आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो, कधी त्याहूनही उशिरा, आणि ही बाई रोज सकाळी मशीन सुरू करायच्या आधी अख्ख्या खोलीत मगानं पाणी शिंपडणार. खिडकीला ओलं बारदान टांगणार. म्हणे गर्मी होती है यार. थंडीतसुद्धा! तिच्या अम्मीच्या अंगणातली सवय. यावरून आमची किती भांडणं झाली असतील. आता माझी फरशी कोरडी ठणठणीत असते. बारदान धुऊन आईनं त्यात ज्वारी भरली.

१३ मार्च, बुधवार

रोजे सुरू झाले. म्हणून आता ती संध्याकाळी इफ्तारनंतरच बोलते. आज म्हणाली, कॅप साफ कर. काम नसताना हेड, म्हणजे शाई सोडणारा भोकांचा भाग, ज्या रबरी कॅपवर विसावतं, तिच्या कडेला शाई सुकून बसते आणि मग हवा आत जाते. तासभर घासली. कॅप नव्यासारखी झाली. टेस्ट मात्र कालच्याहून वाईट.

मला एक कळत नाही. तिला सगळे उपाय ठाऊक आहेत, तर एकदम का सांगत नाही? आज एक सांगते, आणि "उद्या सांग मला काय झालं ते," म्हणते. उद्या दुसरा. मी चिडले. "डॉक्टरसारखी रोज बोलावू नको गं, एकदाच काय ती चिठ्ठी लिहून दे." ती नुसती हसली.

फोनमध्ये मागून कसला तरी जा-ये करणारा आवाज येत होता. घर्र, थांब, घर्र. तिची सासू शिवणकाम करते असं ती मागे म्हणाली होती. रोजा सोडून लगेच शिलाईला बसते म्हणजे कमालच आहे बाई.

२१ मार्च, गुरुवार

आज माझा तोल गेला. हेड क्लिनिंगचं बटण दाबत राहिले. पट्टा दिसला की दाब बटण. प्रत्येक वेळी मशीन शाई ओढून गटारात ओततं. पांढऱ्याची बाटली अर्ध्याच्या खाली आली तेव्हा भानावर आले.

रईसाला व्हिडिओ कॉल लावला. तिनं कपाळाला हात लावला. "विशू, धुऊन धुऊन टक्कल पाडशील तिचं! राहू दे तिला. नळीत हवा आहे का बघ."

बघितलं. पांढऱ्याच्या नळीत दोन बुडबुडे होते, मण्यांसारखे. सिरिंजनं ओढून काढले. ती पलीकडून बघत होती, "हळू, हळू, हौ, अशीच," म्हणत होती, आणि तेवढा वेळ मला वाटलं की ती इथंच स्टुलावर बसली आहे. बुडबुडे निघाले तरी मी सिरिंज धरूनच बसले. फोन ठेवावासा वाटत नव्हता.

ती वाळली आहे थोडी. रोज्यांमुळं असेल. नखाला पांढरं लावलं होतं, एकाच. मी म्हटलं, ही कसली नवी फॅशन? तर तिनं हात खाली घेतला. मग म्हणाली, आपल्या लाल रंगाची सेटिंग पाठवशील का, तो कुंकवासारखा लाल आणायला आपण आठवडा घालवला होता बघ, ती. आणि पावडर हल्ली कुणाकडून घेतेस तेही विचारलं. केवढा जीव आहे अजून तिचा इथल्या कामात! सेटिंग लगेच पाठवली. येईल तेव्हा तिला सगळं जागच्या जागी मिळालं पाहिजे.

२ एप्रिल, मंगळवार

शेवटी शिवमला बोलावलं. शहरातली निम्मी मशीनं तोच दुरुस्त करतो. डँपर बदलले त्यानं. डँपर म्हणजे हेडच्या तोंडाशी शाई थांबते ती छोटी डबी. तिच्यातली गाळणी चोंदते. नव्या डब्या घालून टेस्ट काढली, पुन्हा तेच. त्यानं फिल्मचा तुकडा टेबलावर टाकला.

"ताई, हेड गेलंय. किती बी धुवा, आता उपेग नाय."

"नवीन हेड?"

त्यानं सांगितलेला आकडा मी इथं लिहीत नाही. आईनं स्वयंपाकघरातून ऐकला आणि म्हणाली, "व्हय बाई, इकून टाका मग ते. भंगारात कोन घेतं का इचार."

मी शिवमला चहा देऊन वाटेला लावलं. भंगारात म्हणे. आपा भंगारात गेली तर रईसा कशासाठी येईल? तिच्या नवऱ्याला बदली मिळेल, ते घर घेतील रोशनगेटला नाहीतर कुठं, आणि ती कधीतरी ईदला मला शीरखुर्मा आणून देईल. तेवढंच उरेल. आम्ही दोघी एका खोलीत दिवसभर असायचो, एकमेकींच्या डब्यातलं खायचो, गिऱ्हाइकाच्या पाठीमागं त्याची नक्कल करायचो, ते सगळं या हेडवर टांगलेलं आहे.

सध्या मशीनचंच नाही, सगळ्याचंच बिनसलंय. फिल्म हाताला चिकटते, पावडर नको तिथं जाऊन बसते, झटकली तरी जात नाही. माझे ओठ फुटलेत. निवडणुकीचे टी-शर्ट घेऊन आलेला माणूस पट्टे बघून उलट पावली गेला. प्रेरणाताईंना मी आजारी असल्याचं सांगितलंय. खोटं तरी कुठं आहे?

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. दारात गुढी उभारली. मशीनला हळदकुंकू लावून साखरेची गाठी घातली. मागच्या पाडव्याला रईसानं त्या गाठीतली अर्धी साखर पूजा व्हायच्या आधीच फोडून खाल्ली होती आणि आईच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आज गाठी अख्खी राहिली.

ती येत नाही तोवर असंच होणार का? प्रत्येक सणाला तिनं मागच्या वर्षी काय केलं तेच आठवायचं? मला तिची आठवण येते असं मी तिला एकदाही म्हटलेलं नाही. फोन लागला की मी शाईचंच बोलते.

११ एप्रिल, गुरुवार

ईद. जन्नतखालांकडं, म्हणजे रईसाच्या अम्मीकडं जाऊन आले. त्यांनी शीरखुर्म्याची वाटी हातात दिली आणि माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. "कित्ती सुकली गं."

मी विचारलं, बदलीचं काही कळलं का? त्यांनी पदर सारखा केला, आणखी खजूर घे म्हणाल्या, मग म्हणाल्या, "बेटा, जिथं दाणापाणी असतं तिथं माणूस जातं. हैदराबाद मानवलं तिला." मी म्हटलं, मानवू दे ना, दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे. त्या उठून आत गेल्या. रोज्यांचा थकवा असतो या वयात.

१६ एप्रिल, मंगळवार

दुपारी नळ आला. या वेळी जोरात आला. टाकी भरली, ड्रम भरले, आईनं पातेलीसुद्धा भरली, तरी पाणी येतच होतं. मशीन बंदच होतं. हल्ली मी सकाळी एक टेस्ट काढते, उसासा टाकते आणि बंद करते.

ज्वारी संपून बारदान कोपऱ्यात पडलं होतं. मला काय वाटलं कोण जाणे. ते उचललं, बादलीत बुडवलं आणि खिडकीच्या खिळ्यांना टांगलं. तिचेच खिळे, तिनंच ठोकलेले. आणि मगानं फरशीवर पाणी शिंपडलं, ती करायची तसं, मनगटाला झटका देऊन.

आई दारात आली. "काय करायलीस गं? पान्याची नासाडी व्हायली ना!"

"राहू दे गं आजच्या दिवस."

"तिच्यावानी करायलीस," आई म्हणाली आणि आत गेली.

ओल्या गोणपाटाचा वास आला आणि मी स्टुलावर बसून रडले. खरंच रडले, नाक वाहीपर्यंत. कारण त्या वासात ती होती. बाहेर ऊन नुसतं फणफणत होतं आणि आत तिच्या वेळचा गारवा. ये ना गं आता, असं मी मोठ्यानं म्हटलं. ऐकायला आपाशिवाय कुणी नव्हतं, म्हणून म्हणता आलं.

१७ एप्रिल, बुधवार

सकाळी सवयीनं टेस्ट काढली. उजेडात धरली. पांढऱ्याच्या ज्या रेघा महिनाभर दिसल्या नव्हत्या, त्यातल्या निम्म्या हजर.

मी काहीच केलं नव्हतं. हेड धुतलं नाही, शाई हलवली नाही. विश्वास बसेना म्हणून दुसरी काढली, तीही तशीच. बारदान वाळलं होतं, पुन्हा भिजवून टांगलं.

२० एप्रिल, शनिवार

खात्री करून घेतली. परवा पाणी मारलं, काल सकाळी रेघा जवळजवळ सगळ्या. काल मुद्दाम खोली कोरडी ठेवली, बारदानही काढलं. आज पुन्हा दात पडले. मग शिवमला फोन केला.

"ताई, खोलीत ओल नव्हती का?" तो म्हणाला. "मंग सांगायचं ना मला! हवा कोरडी पडली की भोकाच्या तोंडाशी शाई सुकून बसती. फिल्मला बी करंट धरतो, पावडर चिकटती. मला वाटलं तुमच्याकडं कूलर-बिलर असंल."

"आणि हेड?"

"मंग हेड चांगलंय की."

मी फोन ठेवला. मला स्वतःलाच चार शिव्या द्याव्याशा वाटतात. वर्षभर जी बाई आपाला जगवत होती तिला मी पाण्याची उधळपट्टी करते म्हणून टोमणे मारत होते. गंमत म्हणजे तिलाही हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर पहिल्याच फोनमध्ये ओरडली असती. तिला नुसतं गरम व्हायचं. ती गेली, पाणी थांबलं आणि आपा सुकली. एवढी साधी गोष्ट.

संध्याकाळपर्यंत पाणी मारून मोर काढायला घेतले. पहिल्या मोराची मान निळीशार, गुळगुळीत, कुठं पट्टा नाही.

२१ एप्रिल, रविवार

रईसाला टेस्टचा फोटो पाठवला. पुरी बत्तिशी. खाली लिहिलं, आपा वाचली, आता तू कधी येतेस ते सांग.

लगेच व्हिडिओ कॉल आला. ती आधी आनंदानं किंचाळली. मग तिनं ओढणी सारखी केली. मागून तो आवाज येतच होता. घर्र, थांब, घर्र.

"विशू," ती म्हणाली, "तुला एक दाखवायचं आहे. रागावू नक्को." आणि तिनं फोन फिरवला.

मशीन होतं. आपासारखंच, थोडं रुंद. पांढरी खोली, काचेचं दार, भिंतीला एसी.

"देवराचं दुकान आहे. टेलरिंगच्या बाजूला टाकलं. मार्चपासून मीच चालवते. इनकी बदली नाही होणार. फेब्रुवारीतच कळलं होतं. मेरेकू सांगता येत नव्हतं."

मी काय बोलले ते पूर्ण आठवत नाही. लाल रंगाची सेटिंग यासाठी मागितलीस का, असं विचारलं. ती हो म्हणाली. नखाला शाई होती का? हो. मग मी म्हटलं, छान आहे तुझी नवी आपा. तिला काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "इथं एसी आहे ना, गर्मीच होत नाही. तुला आठवतं मी किती पाणी मारायचे?"

मी फोन ठेवला. आपा कशी वाचली ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

२६ एप्रिल, शुक्रवार

मोर पैठणला पोचले. प्रेरणाताई खूश आहेत, आणखी हवेत म्हणाल्या.

रईसाचे फोन येतात. मी उचलत नाही. सकाळी पाणी मारताना मात्र मनगटाचा तो झटका तिचाच येतो, काही केल्या जात नाही.

३० एप्रिल, मंगळवार

दुपारी तिच्याकडून फोटो आला. शब्द एकही नाही. टेस्टचा फोटो. पांढऱ्याच्या रांगेत मोठमोठ्या फटी, पिवळ्यातही दोन. मी तो मोठा करून बघितला आणि हसले. वाईट हसले, हेही लिहून ठेवते.

एसी. हवेतलं पाणी एसीसुद्धा ओढून घेतो. कॅप घासेल, डँपर बदलेल, नळीतली हवा काढेल, तिला येतात ते सगळे उपाय करेल आणि एकही चालणार नाही. मग कुणीतरी शिवम येऊन सांगेल, हेड गेलं. देवर म्हणेल, भाभी, हे आपल्याला झेपत नाही, बंद करू. आणि मग?

मग तिला आठवेल की चिकलठाण्याला एक खोली आहे.

उत्तर दिलं नाही.

१ मे, बुधवार

आज दुसरा फोटो. आणखी फटी. खाली लिहिलं होतं, "देवर रोज विचारतो. मी म्हटलं होतं मला येतं. तूच सांग ना, तू आपाचं काय केलंस?"

दिवसभर फोन उलटा ठेवून काम केलं. मला ती हवी आहे. हे इतकं साधं आहे की लिहायलाही लाज वाटते. ती इथं स्टुलावर बसलेली हवी आहे, माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी बोटानं खाणारी. त्यासाठी मला काहीसुद्धा करायचं नाही. नुसतं गप्प बसायचं आहे.

आई जेवताना म्हणाली, "रईसाचा फोन आला व्हता माझ्यावर. आवाज लई बारीक झालाय पोरीचा. काय झालं गं तुमचं?"

मी म्हटलं, काही नाही, मशीनचं.

"मंग सांग की तिला. तिनं नाय का सांगितलं तुला, रोज रोजा सोडून?"

मी घास ताटात ठेवला. खरंच, पाणीसुद्धा नीट पिऊन झालेलं नसायचं तिचं, आणि कॅप घास, नळी बघ, उद्या सांग काय झालं ते. रोज एकच उपाय. उद्याही माझा फोन यावा म्हणून तर नव्हे? आधी का नाही आलं हे माझ्या डोक्यात? की माझंच मला हवं तसं वाटतंय?

२ मे, गुरुवार

सकाळी मशीन सुरू करायच्या आधी लिहून पाठवलं. "हेडला हात लावू नको. एसी बंद कर. फरशीवर पाणी मार, खिडकीला ओलं बारदान लाव. रोज. तू इथं करायचीस तसं."

ती पलीकडं वाचत होती. मी बारदान भिजवून टांगलं. मग आलं, "पानी? तू बोलतीस? तू??"

आणि मग तिचा फोन. मी उचलला. आधी नुसतं नाक ओढल्याचा आवाज दोन्हीकडून.

"मग इतके दिवस मी आपाला..." ती म्हणाली.

"हौ," मी म्हणाले. "तूच जगवलीस. मला आता कळलं."

"इथं बारदान कुठं मिळेल गं? पॉश दुकान आहे."

"तांदळाचं बघ. तिकडं तांदूळच खातात ना."

ती हसली. हसता हसता म्हणाली, "तुझी लई आठवण येते, विशू." तिनं म्हटलं म्हणून मलाही म्हणता आलं. म्हटलं एकदाचं.

४ मे, शनिवार

सकाळी फोन वाजला तेव्हा मी पाणी मारत होते. तिचा फोटो होता. फिल्मचा तुकडा खिडकीच्या उजेडात धरलेला, मागं ओल्या बारदानाची कड दिसत होती. सगळ्या रेघा आल्या होत्या. पुरी बत्तिशी.

म्हणजे आता ती येत नाही.

मी माझी टेस्ट काढली, तशीच उजेडात धरली आणि तिला पाठवली. नंतर पाण्याचा मग पुन्हा भरला. खोलीचा अर्धा भाग अजून कोरडा होता.